विश्लेषण : तृतीयपंथीयांची ओळख कायद्याने बदलते, मग सगळे कागद का बदलत नाहीत?

जिल्हाधिकाऱ्यांचे ओळख प्रमाणपत्र वैद्यकीय तपासणीशिवाय मिळेल, असा नियम होऊन पाच वर्षे उलटली. तरीही आधार कार्डापासून शाळेच्या टीसीपर्यंतचा प्रवास एका अर्जात संपत नाही. आमगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या व्यक्तीने सुरुवात कुठून करायची, कोणता कागद आधी बदलायचा आणि काम नेमके अडते कुठे?

आता हा विषय चर्चेत का?

सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी जेन कौशिक या पारलिंगी शिक्षिकेच्या याचिकेवर निकाल दिला. उत्तर प्रदेश आणि गुजरात अशा दोन राज्यांतील खासगी शाळांमध्ये लिंगओळखीमुळे आपल्याला नोकरीपासून दूर ठेवले गेले, अशी त्यांची तक्रार होती. न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने त्यांना भरपाई मंजूर केली. समान संधीचे धोरण तयार करण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली.

निकालाचा रोख मात्र दोन शाळांपुरता नव्हता. २०१९ चा कायदा आणि २०२० चे नियम कागदावरच राहिले, केंद्र आणि राज्यांनी ते अमलात आणण्यात हयगय केली, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ओळख प्रमाणपत्र नाकारले गेल्यास दाद मागण्यासाठी प्रत्येक राज्याने अपील प्राधिकारी नेमावा, हा त्यातील एक निर्देश. तालुक्यात राहणाऱ्या अर्जदारासाठी तोच सर्वात महत्त्वाचा ठरू शकतो.

हा हक्क आला कुठून?

पाया १५ एप्रिल २०१४ च्या निकालाचा आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण म्हणजेच ‘नाल्सा’ याचिकाकर्ते असलेल्या या प्रकरणात लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही बाजू मांडली होती. आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही, असे न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांनी सांगितले.

त्यानंतर संसदेने २०१९ मध्ये तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा केला. तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियम आले. कागदपत्रांच्या दृष्टीने या कायद्याची तीन कलमे लक्षात ठेवावीत. कलम ५ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. कलम ६ नुसार ओळख प्रमाणपत्र मिळते आणि सर्व सरकारी कागदांवर लिंगनोंद त्याप्रमाणे करावी लागते. कलम ७ मध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या सुधारित प्रमाणपत्राची तरतूद आहे. जन्मदाखल्यासह ओळखीच्या सर्व कागदांवर पहिले नाव बदलण्याचा हक्कही याच कलमात आहे.

कागद नसले तर बिघडते काय?

दोन आकडे शेजारी ठेवले की अंदाज येतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची लिंगनोंद ‘इतर’ या रकान्यात झाली होती. देशभरातील संख्या ४,८७,८०३ होती. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीवेळी राज्याच्या मतदार यादीत तृतीयपंथी मतदार होते ६,१०१. जनगणनेच्या आकड्यात लहान मुलेही आहेत आणि काही जण यादीत स्त्री किंवा पुरुष म्हणून असतील, हे खरे. तरी तफावत मोठी आहे. मतदार यादीत ‘इतर’ हा पर्याय २००९ पासूनच उपलब्ध आहे. म्हणजे रकाना नसल्याची सबब येथे लागू होत नाही.

कागदावरची एक नोंद काय करू शकते, हे जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे दिसले. अंजली पाटील यांनी ग्रामपंचायत निवडणुकीत महिलांसाठी राखीव जागेवरून अर्ज भरला, तेव्हा त्या तृतीयपंथी असल्याचे कारण देऊन तो फेटाळण्यात आला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१४ चा निकाल आणि नवा कायदा यांचा आधार घेत त्यांना स्त्री म्हणून लढण्याची मुभा दिली. त्या निवडून आल्या.

नोकरीचेही तसेच. २०२२ मध्ये आर्या पुजारी यांना पोलीस भरतीचा अर्ज भरताना लिंगाच्या रकान्यात तिसरा पर्यायच सापडला नाही. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने तो पर्याय देण्याचे आदेश दिले. राज्य सरकार त्याविरोधात उच्च न्यायालयात गेले, पण डिसेंबरमध्ये त्याला माघार घ्यावी लागली. आता अर्जात पर्याय आहे. पण अर्जावरचे नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव वेगळे असेल, तर कागदपत्रे पडताळणीच्या टेबलावर पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो.

आमगावातून अर्ज कसा करायचा?

ओळख प्रमाणपत्र तहसीलदार देत नाहीत. ते गोंदियाच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात येते. त्यासाठी आमगाव ते गोंदिया असा सुमारे २५ किलोमीटरचा हेलपाटा घालण्याची गरज मात्र नाही. अर्ज राष्ट्रीय तृतीयपंथी पोर्टलवर मोबाइलवरूनही भरता येतो. छायाचित्र, पत्त्याचा पुरावा आणि स्वतःच्या लिंगओळखीबाबतचे प्रतिज्ञापत्र अपलोड करावे लागते. अर्जदार अल्पवयीन असल्यास अर्ज पालकांनी करायचा असतो.

नियम सांगतात की हे प्रमाणपत्र केवळ प्रतिज्ञापत्राच्या आधारे द्यायचे आहे. डॉक्टरचा दाखला, शारीरिक तपासणी किंवा ‘समुदायातील कोणाची शिफारस आणा’ अशी मागणी करता येत नाही. प्रमाणपत्र ३० दिवसांत मिळायला हवे. त्यासोबत ओळखपत्रही मिळते.

अडचण आहे ती वास्तव्याच्या अटीत. अर्जदार त्या जिल्ह्यात सलग १२ महिने राहत असला पाहिजे. आमगाव हे हावडा-मुंबई रेल्वेमार्गावरचे स्टेशन. घरात नकार मिळाला की गाडीत बसून नागपूर किंवा रायपूर गाठणे अवघड नाही. पण तिथे भाड्याच्या खोलीचा करारनामा नसतो, वीजबिल दुसऱ्याच्या नावावर असते आणि आधारवर पत्ता गावचाच राहतो. गावच्या पत्त्यावर राहत नाही आणि राहतो तिथला पुरावा नाही, अशा कात्रीत ज्याला प्रमाणपत्राची सर्वाधिक गरज, तोच सापडतो.

ज्यांनी कायदा लागू होण्यापूर्वीच सरकारी कागदावर लिंगनोंद बदलून घेतली आहे, त्यांना नव्याने अर्ज करण्याची गरज नाही, अशीही तरतूद नियमांत आहे. ती फारशी कोणाला माहीत नाही.

प्रमाणपत्रावर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ लिहून मिळते का?

पहिल्या टप्प्यावर नाही. कलम ६ च्या प्रमाणपत्रावर ‘तृतीयपंथी’ अशीच नोंद होते. स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचे किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र जोडून कलम ७ खाली दुसरा अर्ज करावा लागतो. त्यावर १५ दिवसांत निर्णय अपेक्षित आहे.

येथे कायदा आणि २०१४ चा निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. शस्त्रक्रियेची सक्ती नको, असे निकाल म्हणतो. कायदा मात्र स्त्री-पुरुष नोंदीसाठी वैद्यकीय कागद मागतो. या तरतुदींना सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिले गेले आहे. तोवर ज्याला शस्त्रक्रिया नको आहे किंवा परवडत नाही, त्याच्या प्रत्येक कागदावर ‘तृतीयपंथी’ हा शब्द राहतो. मोठ्या शहरात तो कदाचित खपून जाईल. पण सगळे एकमेकांना ओळखतात अशा गावात रेशन दुकानापासून बँकेच्या खिडकीपर्यंत प्रत्येक ठिकाणी आपली ओळख जाहीर करण्याची वेळ येते. त्यामुळे काही जण अर्जच करत नाहीत.

कोणता कागद आधी बदलावा?

प्रमाणपत्र हातात आल्यावर आधी आधार. बाकीची बहुतेक कार्यालये ई-केवायसी करताना आधारशीच नाव पडताळतात. तृतीयपंथी ओळख प्रमाणपत्र आधारसाठी पुरावा म्हणून चालते. लिंगनोंद बदलण्यासाठी आधार केंद्रावर जावे लागते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : आधारमध्ये नाव सर्वसाधारणपणे दोनदा आणि लिंगनोंद एकदाच बदलता येते. त्यापुढचा बदल प्रादेशिक कार्यालयाच्या परवानगीवर अवलंबून असतो. ज्यांना पुढे कलम ७ खाली सुधारित प्रमाणपत्र घ्यायचे आहे, त्यांनी ही एकमेव संधी कधी वापरायची, याचा विचार आधीच करावा.

त्यानंतर पॅन. पॅनच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र रकाना एप्रिल २०१८ पासून आहे. त्याआधी आधारवर एक नोंद आणि पॅनवर दुसरी, यामुळे दोन्ही जोडणेच अशक्य होत असे. जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र पॅनसाठी ग्राह्य धरण्यास केंद्राने सर्वोच्च न्यायालयात तयारी दाखवली आहे. आधार आणि पॅन जुळले की बँक खात्याची केवायसी सोपी होते.

मतदार यादीतील दुरुस्तीसाठी नमुना ८ भरायचा. रेशन कार्डासाठी तहसील कार्यालयाचा पुरवठा विभाग, वाहन परवान्यासाठी गोंदियाचे परिवहन कार्यालय. नियमांनुसार अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत संबंधित कार्यालयाने नाव, लिंगनोंद आणि छायाचित्र बदलून द्यायचे आहे. सुधारित कागदावर मूळ कागदाचाच क्रमांक राहतो. बदलापूर्वीची आणि नंतरची व्यक्ती एकच आहे, याचा तोच सर्वात साधा पुरावा. म्हणून जुने कागद फाडून टाकू नयेत. त्यांच्या प्रती जपून ठेवाव्यात.

मधल्या नावाचे काय?

कायदा ‘पहिले नाव’ बदलण्याचा हक्क देतो. महाराष्ट्रात नाव तीन भागांचे असते : स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव. शाळेपासून सातबाऱ्यापर्यंत याच क्रमाने नाव लिहिले जाते. नाव ‘सुनीता’ झाले, तरी पुढे वडिलांचे नाव आणि आडनाव तसेच राहते. काहींना तेच हवे असते. पण घरातून हाकलले गेलेल्या आणि गुरूच्या आश्रयाला वाढलेल्या व्यक्तीला वडिलांच्या नावाऐवजी गुरूचे नाव लावायचे असते. भादली बुद्रुकच्या प्रकरणात उच्च न्यायालयात याचिकाकर्तीचे नाव ‘अंजली गुरू संजना जान’ असेच नोंदले गेले होते.

मधले नाव किंवा आडनाव बदलायचे असेल तर २०१९ चा कायदा फारसा उपयोगी पडत नाही. त्यासाठी इतर नागरिकांप्रमाणे महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो. हा अर्जही ऑनलाइन करता येतो. केवळ पहिल्या नावासाठी नियमांत राजपत्राची अट नाही. तरी अनेक कार्यालये सवयीने ‘गॅझेट आणा’ म्हणतात. तेव्हा अर्जात कलम ७ चा उल्लेख करणे आणि लेखी पोच घेणे उपयोगी ठरते.

सर्वात कठीण कागद कोणते?

जितका कागद जुना, तितका तो बदलणे कठीण. आधार, पॅन, मतदार कार्ड ही आजची ओळख सांगतात. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि जन्मनोंद सांगतात ती त्या दिवशीची. त्यामुळे ‘तेव्हा जे होते ते लिहिले, त्यात चूक काय?’ असे उत्तर मिळते.

महाराष्ट्राच्या माध्यमिक शाळा संहितेनुसार विद्यार्थ्याने शाळा सोडल्यानंतर रजिस्टरमध्ये सहसा फक्त उघड चुका दुरुस्त करता येतात. लिंगओळख बदलणे ही लेखनिकाची चूक नव्हे. त्यामुळे मुख्याध्यापक शिक्षणाधिकाऱ्यांकडे, शिक्षणाधिकारी नागपूर विभागीय मंडळाकडे आणि मंडळ पुन्हा शाळेकडे बोट दाखवते, अशी साखळी तयार होऊ शकते. पदवीधरांसाठी त्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची भर पडते.

कायद्याचे उत्तर मात्र स्पष्ट आहे. नियमांच्या परिशिष्टातील अधिकृत कागदांच्या यादीत जन्मदाखला, जातीचा दाखला आणि शैक्षणिक प्रमाणपत्रे आहेत. संसदेच्या कायद्यापुढे राज्याची संहिता किंवा विद्यापीठाचा नियम टिकत नाही. मणिपूर उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका पारलिंगी डॉक्टरच्या प्रकरणात शैक्षणिक प्रमाणपत्रे नव्या नावाने आणि लिंगनोंदीने देण्याचे आदेश दिले, ते याच आधारावर.

जन्मदाखल्याची गोष्ट थोडी वेगळी. तो १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली दिला जातो आणि त्यातही मुख्यतः चुकांच्या दुरुस्तीचीच तरतूद आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये यावर मधला मार्ग काढला. कायद्यात बदल होईपर्यंत रजिस्टरमध्ये शेरा मारावा आणि दाखल्यावर जुने व नवे दोन्ही तपशील द्यावेत, असे सांगितले. कागद मिळतो, पण तो दाखवणाऱ्याचा भूतकाळही उघडा पडतो.

आमगावात आणखी एक गुंता आहे. जन्म जेथे झाला तेथेच नोंद होते. सीमाभाग असल्याने काहींचा जन्म मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात झालेला असतो. त्यांना तिथल्या निबंधकाकडे जावे लागते. शिवाय आमगाव आणि आसपासची गावे ग्रामपंचायतीतून नगर परिषदेत गेली आणि त्यावरचा वाद न्यायालयात पोहोचला. जुनी नोंद कोणत्या दप्तरात आहे, हे शोधण्यापासून सुरुवात करावी लागू शकते.

शेती आणि जातीच्या दाखल्याचे काय?

धानपट्ट्यात हा प्रश्न पोटाचा आहे. आधारभूत केंद्रावर धान विकायला सातबारा, आधार आणि बँक खाते लागते. शेतकरी ओळख क्रमांकासाठी आधार आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळावे लागते. आधारवर नवे नाव आले आणि सातबाऱ्यावर जुनेच राहिले, तर बदल करून घेणाऱ्याचेच नुकसान होऊ शकते. सातबारा हा ओळखीचा कागद नसून जमिनीचा अभिलेख आहे. त्यात नाव बदलण्यासाठी तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी यांच्याकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. म्हणून ज्यांच्या नावे जमीन आहे, त्यांनी हा अर्ज आधारपाठोपाठ करावा. हंगामाची वाट पाहू नये.

आमगाव विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. या भागात जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र हे शिष्यवृत्तीपासून नोकरीपर्यंतचे दार आहे. वैधता ठरते ती वडील-आजोबांच्या जुन्या नोंदींवरून. अर्जदाराचे मधले नाव आणि आडनाव बदलले की वंशावळीशी असलेला दुवा सिद्ध करणे कठीण होते. गुरूचे नाव लावण्याची इच्छा असली, तरी वैधता प्रमाणपत्र आधी पदरात पाडून घेणे शहाणपणाचे.

नकार आला तर?

नकाराचे कारण लेखी मिळायला हवे. त्यानंतर ९० दिवसांत अपील करता येते. अपील ऐकणारा प्राधिकारी राज्याने नेमलाच नसेल तर काय, हा प्रश्न आजवर हवेत होता. १७ ऑक्टोबरच्या निकालाने तो थेट राज्यांपुढे ठेवला आहे. दरम्यान गोंदियातील समाजकल्याण सहायक आयुक्तांचे कार्यालय आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ही मदतीची जवळची ठिकाणे. आधार, बँक किंवा शाळा यांनी १५ दिवसांत काही केले नाही, तर अर्जाची पोच हाच पुढच्या तक्रारीचा आधार असतो. तोंडी नकार सिद्ध करता येत नाही.

पुढे काय?

राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये तृतीयपंथी धोरणाला मंजुरी दिली. तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ त्याआधीच स्थापन झाले आहे. म्हणजे कायदा, नियम, धोरण आणि मंडळ असे चारही आहेत. उणीव आहे ती शेवटच्या टेबलावर काम करणाऱ्यासाठी स्पष्ट आदेशाची. शालेय शिक्षण विभागाने ‘जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र असेल तर रजिस्टरमध्ये शेरा मारून नवा दाखला द्यावा’ असे एक परिपत्रक काढले, तर मुख्याध्यापकाला वर विचारण्याची गरज उरणार नाही. जन्म-मृत्यू निबंधक आणि महसूल विभागाबाबतही तेच. जिल्हाधिकारी हे जिल्ह्याच्या महसूल यंत्रणेचे प्रमुख असतात. त्यांच्या सहीने मिळालेले प्रमाणपत्र घेऊन आलेल्या व्यक्तीला त्यांच्याच अखत्यारीतील कार्यालयाने ‘आणखी पुरावा आणा’ म्हणणे, ही विसंगती दूर करायला संसदेची गरज नाही.

प्रमाणपत्रे किती वाटली, हा आकडा सरकार सांगू शकते. त्यापैकी किती जणांचा दहावीचा दाखला, जन्मनोंद आणि सातबारा त्याच नावाने झाला, हे मोजले जाईल तेव्हाच कायदा आमगावपर्यंत पोहोचला का, ते कळेल.